मदत हवी आहे: कुत्रा चावल्यावर इंजेक्शनं नक्की किती? तीन फेऱ्यांवर थांबलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी. वडील गावी असतात, भोरकडे. डेअरीवर दूध घालायला जाताना वस्तीवरच्या कुत्र्याने पोटरी धरली. दोन दात खोल गेले, रक्त आलं. आईने लगेच नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं पाय धुतला, हळद-चुना काही लावू दिला नाही. सरकारी दवाखान्यात जखमेत सिरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरलं आणि दोन्ही दंडांवर कातडीत एकेक बारीक इंजेक्शन दिलं. कार्डावर ०, ३, ७, २८ असे दिवस लिहिलेत. पहिल्या तीन फेऱ्या झाल्या.

शेजारचे काका म्हणतात, पोटात चौदा घ्यावी लागतात. चुलतभावाला खाजगीत पाच दिली होती, त्यात १४व्या दिवसाचंही होतं. वडिलांचं म्हणणं, कुत्रा धडधाकट फिरतोय, लावणी तोंडावर आलीय, आता बास. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय. आमचं १४व्या दिवसाचं राहिलं का? आणि २८वं टाळता येईल का?

प्रतिसाद १
ताई, आरोग्य केंद्रात बरीच वर्षं एआरव्ही, म्हणजे रेबीजची लस, देत आलेय, म्हणून सांगते. सुई कुठे टोचतात त्यावर आकडा ठरतो. स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४, २८ अशी पाच. कातडीत देतात तेव्हा प्रत्येक फेरीला दोन जागी ०.१ मिली, फेऱ्या चार. संरक्षण दोन्हींत सारखंच. तुमचं काही राहिलेलं नाही, खाजगीत जाऊन मधलं जास्तीचं घेऊ नका. पोटातली चौदा ही मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस, ती बंद होऊनही वीस वर्षं होऊन गेली.

लस घेतल्यावर अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढे दिवस सिरम सांभाळतं. ते जखमेत मिळालं, हे फार बरं झालं. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नाही. तरीही २८वं घ्याच, आपल्याकडचा कोर्स त्यानेच पुरा होतो. मग पुढे कधी चावलंच तर ० आणि ३ अशा दोनच फेऱ्या लागतात, सिरम लागत नाही. शेतावर राहणाऱ्या माणसाला हे मोलाचं आहे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा.

धागाकर्ती
मनापासून आभार, ताई. बाबांना फोनवर हे वाचून दाखवते. २८वा दिवस नेमका रविवारी येतोय. सोमवारी चालेल?

प्रतिसाद १
चालेल. एक-दोन दिवस पुढे गेलं म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. फक्त शनिवारी दवाखान्यात फोन करून लस शिल्लक आहे ना, ते विचारून घ्या.