मदत हवी आहे: झिंक फॉस्फाइडचा संशय असेल तर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) कसा पाठवावा?
भटक्या कुत्र्यांवर विषप्रयोग झाला की जठर व त्यातलं अन्न एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसरीत, संपृक्त मिठाच्या द्रावणात ठेवतात. फॉर्मलिन (अवयव टिकवण्याचं नेहमीचं द्रावण) रासायनिक तपासणीला चालत नाही. वर एक तृतीयांश जागा मोकळी ठेवतात, नाहीतर कुजण्याच्या वायूने बरणी फुटते.

पण उंदराच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड असेल तर त्यातून सुटणारा फॉस्फिन हा विषारी वायू त्याच मोकळ्या जागेत जमतो आणि झाकण उघडताच उडून जातो. पुरावाच गेला! म्हणून जठरातलं अन्न मिठाविना, हवाबंद प्लॅस्टिक डबीत, जेमतेम जागा सोडून लगेच गोठवावं, असं माझं मत.

न्यायवैद्यक प्रयोगशाळा असा नमुना घेतात का? बर्फात ओल्या होणाऱ्या डबीवर लाखेचं सील कसं टिकवता? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५च्या (प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं) प्रकरणांत शवविच्छेदन केलेल्या पशुवैद्यकांनी कृपया सांगावं.