बटणं दाबून गाणी ऐकायचीत, स्वस्तातला जुन्या धाटणीचा प्लेअर कुणी घेतलाय का? अनुभव सांगा

मंडळी, साधाच प्रश्न आहे पण दोन महिने झाले सुटेना म्हणून इथं मांडतोय. मी दर सोमवारी पहाटे सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातो आणि शुक्रवारी परत येतो. जाताना चार तास निवांत गाणी ऐकायची असं ठरवून बसतो आणि कुर्डुवाडी यायच्या आत मोबाईलवर ऑफिसचा मेसेज, मग सोसायटीचा ग्रुप, मग कुणाचा तरी वाढदिवस, की गाणं कुठं आणि मी कुठं. म्हणून वेगळं यंत्र घ्यायचंय, फोन नको, नेट नको, खरी दाबायची बटणं हवीत आणि दिसायला आपल्या लहानपणच्या वॉकमनसारखं असलं तर सोन्याहून पिवळं. दिसण्याचा मोह आहे, खोटं कशाला बोलू. बजेट पाच हजार, ताणलं तर सहा. एकच विनंती, जाहिरातीतले आकडे नका सांगू, स्वतः वापरलेलं सांगा, आणि पैसे कुठं वाया गेले ते तर नक्की सांगा.

– जुळे_सोलापूरकर

*

खराखुरा वॉकमनच घ्यावा असं डोक्यात असेल तर आधी माझं ऐका. वडिलांचा वॉकमन मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडला, सेल टाकले, प्ले दाबलं, मोटर गरगरतेय पण कॅसेट जागची हलेना. उघडून बघतो तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झालेलं, बोटाला लागलं ते दोन दिवस निघालं नाही. आपला उन्हाळा, त्यात पत्र्याखालचा माळा, रबर काय टिकणार. नवी पेठेत एक दुरुस्तीवाले काका आहेत, ते बघून आधी हसलेच, म्हणाले ठेव आणि तीन दिवसांनी ये, आणि तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. बेल्ट मीच ऑनलाईन मागवले, वेगवेगळ्या मापांचा पुडा येतो त्यातला एक बसला. काकांनी पुली, हेड (टेप वाचणारा भाग), रबरी रोलर सगळं स्पिरिटनं पुसलं आणि ४०० रुपये घेतले.

गाणं लागलं पण आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग काकांनी हेडच्या बाजूचा बारका स्क्रू केसभर फिरवला आणि एकदम झांजा आणि टाळ खणखणीत. ॲझिमथ म्हणतात त्याला, हेडची फट टेपला बरोब्बर काटकोनात पाहिजे, जरा तिरकी झाली की वरचे बारीक आवाज मरतात. त्या क्षणाला मी लई खूश. घरी आल्यावर लक्षात आलं की वाजण्यासारख्या कॅसेट सातच उरल्यात, त्यातल्या दोन सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांच्या. त्यांची टेप सी-६० पेक्षा पातळ असते, त्यातली एक पहिल्याच रविवारी गुंडाळली आणि मी पस्तीस वर्षांनी परत पेन्सिल घालून गरगर फिरवत बसलो.

नवीन बनणारे कॅसेट प्लेअरही मिळतात बरं का, पण स्वस्तातल्या बहुतेकांच्या आत एकाच प्रकारची साधी यंत्रणा असते, जुन्या चांगल्या मॉडेलांची सर नाही. कॅसेटचा ढीग घरात असेल तर घ्या. नुसत्या हौसेला असेल तर शोकेसमध्ये ठेवायला ठीक.

– माळ्यावरचा_वॉकमन

*

आईसाठी सारेगामाचा कारवां घेतला होता, २०१७ ला तो आला तेव्हाची सगळी धामधूम आठवत असेल. पाच हजार गाणी आतच भरलेली, पुढं गोल डायल, दिसायला अगदी जुन्या रेडिओसारखा. आईला मोतीबिंदू होता, स्क्रीनवरचं काही दिसायचं नाही, पण डायल चार टिचक्या फिरवली की लताबाई आणि आणखी दोन टिचक्या फिरवली की रफी हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं. गीतमाला लावून ती शेंगा सोलत बसायची आणि अमीन सयानींशी मोठ्यानं बोलायची.

आता तुमच्या कामाचं. तो तुम्हाला चालणार नाही. त्यात गायक निवडता येतो पण ठरावीक एक गाणं पाहिजे असेल तर पुढं पुढं ढकलत जावं लागतं, आणि तो मांडीवर घेऊन रेल्वेत बसणं म्हणजे डबा घेऊन बसल्यासारखं. शिवाय गाणी कंपनीच्या खजिन्यातली, तुमच्या आवडीच्या अर्ध्या गोष्टी त्यात नसतील, मग पेनड्राइव्ह लावा, आणि पेनड्राइव्हच लावायचा तर मग तोच कशाला. घरात बसून ऐकणाऱ्या माणसासाठी मात्र याहून बरं काही नाही हे मी आजही सांगीन. आई गेली, तो अजून चालू आहे.

– होटगी_रोड

*

मी सगळ्यात स्वस्तातला अनुभव सांगते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आजीनं स्वतः घासाघीस करून ६५० ला लाकडी दिसणारा रेडिओ घेतला (लाकूड नाही, प्लॅस्टिकवर चिकटवलेला कागद आहे). एफएम, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, टॉर्च, सगळं. आतली बॅटरी जुन्या नोकियाला बसायची तीच बीएल-५सी, म्हणजे फुगली तरी कुठल्याही मोबाईलच्या दुकानात दुसरी मिळते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आणि हे महागड्या वस्तूंत नसतं, तिथं बॅटरी गेली की अख्खी वस्तूच दुरुस्तीला.

गंमत पुढं आहे. आजीला पारायणाचे अध्याय ओळीनं पाहिजे होते. मी कार्डात भरून दिले आणि पहिल्यानंतर एकदम दहावा, मग अकरावा, दुसरा कितीतरी नंतर. आजी म्हणाली यंत्राला धर्म नाही. मग वाटलं की ते आकडा आकडा म्हणून वाचत नाही, अक्षरं म्हणून लावतं, म्हणून ०१, ०२ अशी नावं दिली, तरीही क्रम चुकलाच. मोबाईल दुकानातल्या पोरानं सांगितलं ताई असल्या स्वस्तातल्या यंत्रात ज्या क्रमानं कार्डात फाईल टाकाल त्याच क्रमानं वाजतात. कार्ड फॉरमॅट केलं आणि एकेक अध्याय हातानं ओळीनं टाकला, दुपार गेली पण मग बरोबर वाजलं. तुम्ही पण घेताना हे विचारून घ्या, नाहीतर आख्खा अल्बम उलटसुलट ऐकत पुण्याला जाल.

– गड्ड्यातली_चिमणी

*

भाऊ तुम्हाला पाहिजे ती वस्तू माझ्याकडं आहे. स्नोस्कायचा इको मिनी, प्लेअर बनवणाऱ्या फिओ कंपनीचाच तो ब्रँड. दिसायला कॅसेट प्लेअर, स्क्रीनवर कॅसेटची चाकं फिरतात, आत कॅसेट बिसेट काही नाही, ८ जीबी जागा आणि वर २५६ जीबीपर्यंत कार्ड. मला साडेपाच हजाराला पडला. खिशात आहे का नाही कळत नाही इतका हलका.

पहिल्या दिवशी माझा पोपट झाला तो सांगतो. वर हेडफोनची दोन भोकं बघितली, मला वाटलं दोघांनी ऐकायची सोय. १९७९ ला जपानात पहिला वॉकमन निघाला त्याला खरंच दोन हेडफोन लावता यायचे आणि मधे बोलायला नारंगी बटण होतं, हे कुठंतरी वाचलेलं, त्यामुळं मैत्रिणीला ऐटीत सांगितलं की तुझा पण इअरफोन घेऊन ये. कंबर तलावावर बसून लावायला गेलो तर दुसरं भोक मोठं, तिचा जॅक आत डुगडुगायला लागला. ते ४.४ मिलिमीटरचं, बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या असलेल्या हेडफोनचं निघालं, साध्याला ३.५ चं. मग काय, एकेका कानात एकेक घालून ऐकलं.

आवाज मात्र स्वच्छ. सीडीवरून काढलेल्या फ्लॅक फाईल (यात आवाजातलं काही गाळलेलं नसतं) आणि तीच गाणी कुणीतरी दाबून दाबून बारीक केलेल्या एमपीथ्री, यातला फरक मला पहिल्यांदा यातच कळला. हिशोब असा धरा, ३२ जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची ३२० केबीपीएसवाली एमपीथ्री अडीच हजाराच्या आसपास बसतात, फ्लॅक हजारेक.

आता माझे पैसे कुठं गेले. एका ठिकाणी २५६ चं कार्ड २०० रुपयांत मिळालं, उड्या मारत घेतलं. पहिली दोनेकशे गाणी छान, त्यापुढची सगळी नावाला दिसतात पण वाजत नाहीत. कार्ड आतून ८ चंच होतं, वर खोटा आकडा लिहिलेला. म्हणून कार्ड घेतल्याबरोबर काठोकाठ भरा आणि शेवटची फाईल वाजवून बघा. दुसरं, आमच्या घरी तेलुगू, यारांसोबत मराठी, आणि गाणी दोन्हीतली. आधी माझ्याकडं एक स्वस्तातला प्लेअर होता त्यात दोन्ही लिप्यांच्या जागी चौकोनच चौकोन यायचे. दोनशे फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत बदलत बसलो. घ्यायच्या आधी दुकानात आपलं एक देवनागरी नावाचं गाणं टाकून बघाच बे.

– पूर्व_भागाचा_राजा

*

सगळे पैसे खर्च करायलेत म्हणून मी उलटं बोलतो. कपाटात जुना मोबाईल पडलाय ना, त्यातलं सिम काढा, सगळं पुसा, नेट बंद करा, एक गाण्यांचं ॲप ठेवा, खालचं ३.५ चं भोक शाबूत असलं की झाला प्लेअर. खर्च शून्य. रेट्रो बिट्रो म्हणजे आपण लहानपणी जे घेऊ शकलो नाही ते आता हप्त्यावर घ्यायचं. मी दीड वर्ष असंच ऐकतोय. बॅटरी म्हातारी आहे, दुपारपर्यंत टिकते, तेवढंच.

– कडक_भाकरी

*

कडक भाकरी, मुद्दा बरोबर हाय पण खिशात हात घालून न बघता गाणं बदलता येतं का तुमच्यात? मी कारखान्यात, म्हणजे आमच्याच शेडमध्ये माग चालवतो, हात रिकामे नसतात. खटाखट आवाजात गाणं ऐकायचं म्हणून आधी साधे इअरफोन लावले, माग ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवत वाढवत नेला, संध्याकाळी घरी आलं की कानात शिट्टी. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं, माग थांबल्यावर ऐका, चालू असताना आवाज अडवायचे बोंडे घाला. आता जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. क्लिपवाला बारका प्लेअर आहे, स्क्रीन नाही, पाच बटणं, बनियनला अडकवला की झालं. आणि एक, तूस जातो बघा भोकात. मधेच एका कानातलं बंद पडलं, मला वाटलं वस्तू गेली, काडीनं हळूच कोरलं तर कापसाची गोळी निघाली. शेडमध्ये नेणारांनी भोकाला रबरी बूच लावावं.

– साच्यावरचा

*

जुळे_सोलापूरकर परत आलोय, तीन आठवड्यांनी. कडक भाकरींचं ऐकून आधी फुकटवालं केलं. सोमवारी सिम काढलेला फोन घेऊन बसलो, गाणी छान चालली, पण बोट आपोआप खाली सरकून नसलेलं व्हॉट्सॲप शोधत होतं, दौंड येईपर्यंत सहा वेळा. आणि साच्यावरच्यांचं खरं निघालं, गाणं बदलायला दर वेळी काचेकडं बघायचं, बघितलं की हात दुसरीकडं जातो. म्हणून बटणंवालं मागवलं. राजाला त्याचा पडला तेवढ्यालाच मला पडलं. कार्ड पावतीसकट घेतलं, काठोकाठ भरून शेवटचं गाणं वाजवून बघितलं, पास.

आता नवीनच भानगड. बायकोनं माहेराहून एक बिस्किटाचा डबा आणलाय, त्यात सासऱ्यांनी स्वतः भरून घेतलेल्या अकरा कॅसेट. त्या काळी दुकानात यादी दिली की गाणी भरून द्यायचे तसल्या, यादी त्यांच्या अक्षरात पुठ्ठ्यावर. एकीवर मधेच बायकोचा लहानपणीचा आवाज आहे म्हणे, कविता म्हणतेय. हे कुठल्याही कार्डात विकत मिळणार नाही. माळ्यावरचा वॉकमन, तुमचं यंत्र रविवारी उसनं मिळेल का, हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला लावून उतरवून घेईन, सी-६० असल्या तर तासाला एक म्हणजे अकरा तास, दोन रविवार लागतील.

– जुळे_सोलापूरकर

*

यंत्र देतो पण एकटं सोडणार नाही, सोबत मीपण येणार. त्या अकरांत सी-९० असतील त्या शेवटी लावू, आणि आधी दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण पुढं मागं फिरवून सैल करून घ्या, इतकी वर्षं पडून चिकटलेल्या असतात. काकांना पण विचारतो, स्क्रू त्यांनीच फिरवलेला बरा. चहा नको, भजी करा.

– माळ्यावरचा_वॉकमन