शब्दचर्चा: तोट्यात ‘वाढ’ की ‘घट’?

खतावणी: घरची दोन दुकानं आणि एक पोळीभाजी केंद्र, तिन्हींचा तिमाही हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवते. टक्क्याचं सूत्र शाळेतलंच: नव्यातून जुना वजा, भागिले जुना. परवा पोळीभाजीच्या ओळीत मागच्या तिमाहीला −२०,००० आणि या तिमाहीला −३०,००० आले. तोटा वाढला, आणि रकान्यात काय, तर हिरवंगार +५०%. खालच्या ओळीत एक दुकान −४०,००० वरून +२०,००० वर आलं, तिथे लालभडक −१५०%. भाऊजी म्हणाले, “वहिनी, नफा झाला की लाल होय? मग चहा तुम्हीच पाजा.” सूत्राचं नंतर बघू. शेऱ्याच्या रकान्यात ‘५०% वाढ’ लिहू की ‘५०% घट’?

उणेअधिक: कशात वाढ, ते लिहा. ‘तोट्यात ५०% वाढ’ म्हटलंत तर तुमचं +५० अगदी बरोबर आहे. उण्याला उण्याने भागलं की चिन्हं एकमेकांना खातात आणि उत्तर उरतं ते तोट्याबद्दलचं. उणे चिन्ह ‘तोटा’ या शब्दात जाऊन बसलेलं असतं. −४० हजारांचे −२० हजार झाले असते तर −५०% आलं असतं, म्हणजे तोटा ५० टक्क्यांनी घटला. (‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्क्यांवर’ यांत गफलत नको. तोटा ३० टक्क्यांनी घटला म्हणजे ७० उरला, ३० टक्क्यांवर आला म्हणजे ३०च उरला.) रंगाला हे शब्द दिसत नाहीत, तो फक्त चिन्ह बघतो.

पाटीपेन्सिल: ही करामत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण हेच शब्द वापरलेत, एक गाठीचा पैसा आणि दुसरं देणं. ऋणाला ऋणाने भागलं की धन, हा नियमही तिथे आहे. म्हणजे तुमच्या हिरव्या रंगाचा जाब त्याला विचारा! उपाय हवा असेल तर भागाकारात खाली जुन्या आकड्याचं केवलमूल्य, म्हणजे उणे चिन्ह काढून उरलेला आकडा, घ्या. एक्सेलमध्ये त्याला एबीएस म्हणतात. ‘केवलमूल्य’ हा नववीच्या गणितातला शब्द.

खतावणी: केवलमूल्य लावलं. पोळीभाजी −५०, दुकान +१५०, रंग सुधारले. मग गंमत म्हणून दुकानाचा जुना तोटा ४०,००० ऐवजी ५,००० टाकून पाहिला, नफा तोच २०,०००. आलं ५००%! विहिरीतून वर आलेल्याला १५० आणि वीतभर खड्ड्यातून आलेल्याला ५००?

पिंपभर: म्हणूनच शून्य ओलांडलं की टक्का लिहू नये. २० एप्रिल २०२० आठवतो? अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा (मे महिन्यात तेल देण्याघेण्याचा आधीच ठरवलेला सौदा) शुक्रवारी पिंपाला १८.२७ डॉलरवर बंद झाला होता, त्या सोमवारी तो −३७.६३ वर गेला. घसरण ३०६ टक्के. याचा अर्थ अजून लावता येतो: १०० टक्के घसरला तिथे पिंप फुकट झालं, पुढचे २०६ म्हणजे पिंप नेणाऱ्यालाच वर पैसे. (आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारात एप्रिलचा वायदा −२,८८४ रुपयांनी मिटवला गेला, तेव्हा ‘उणे भाव’ म्हणजे काय हे अनेकांना खिशातून कळलं.) मंगळवारी अमेरिकेतला भाव १०.०१ वर बंद झाला. साध्या सूत्राने −१२७%, केवलमूल्याने +१२७%. ३०६ पडला, १२७ चढला आणि शुक्रवारच्या निम्म्याहून थोडा वर पोचला. यातून कुणाला काय कळणार?

जपानी कंपन्या अशा ठिकाणी टक्का न लिहिता ‘कुरोजी तेन्कान’ लिहितात. कुरोजी म्हणजे काळ्या शाईतला आकडा, नफा. लाल शाईतून काळ्यात आलो, एवढंच.

उणेअधिक: आपल्याकडे ‘तोट्यातून नफ्यात’ तयारच आहे की. उलट झालं तर ‘नफ्यातून तोट्यात’. ‘ऋणात्मक वृद्धी’ हा शब्द मात्र माझ्यासमोर काढू नका. ज्याला ‘घटलं’ म्हणवत नाही तो ते लिहितो.

खतावणी: जमलं. एक्सेलमधला ‘इफ’, म्हणजे जर-तरचं सूत्र, लावून ठेवलाय: दोन्ही आकड्यांचा गुणाकार उणे आला की टक्क्याच्या जागी हे शब्द येतात. जुना आकडा शून्य असेल तर नुसती रेघ. आणि शेजारी फरकाचा रकाना, रुपयांत. भाऊजींनी आधी तोच वाचला. “साठ हजार? मग चहा माझ्याकडून.”