मदत हवी आहे: रस्त्यालगतच्या अनोळखी दलदलीत मासे आहेत की नाहीत, आधीच कसं ओळखायचं?

काठावरचा
नमस्कार मंडळी. रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्याला लागून एक दलदल आहे. दोनदा गळ टाकून बसलो, एकदा दीड तास, एकदा दोन. तरंडी हललीसुद्धा नाही. रविवारी पुन्हा जेमतेम तीन तास मिळणार आहेत, ते फुकट घालवायची तयारी नाही. तिथे मासे आहेत की नाहीत हे गळ टाकायच्या आधी कळतं का? रॉड, रीळ, गांडूळ सगळं जवळ आहे, त्यामुळे सामानाचे सल्ले नकोत. जागा कशी पारखायची तेवढं सांगा. जरा लवकर सांगितलंत तर उपकार होतील.

गळकरी
पाणी वाहतं की साचलेलं? खोली किती? उन्हाळ्यात आटतं का? वर काय माजलंय? किती वाजता बसला होतात? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग काय सांगणार?

पहाटवारा
एवढं खोलात जायची गरज नाही. उजाडायच्या आधी अर्धा तास गळ पाण्यात हवा. वीस वर्षं हेच करतोय. ऊन चढलं की मासा खाली जातो, मग बसून उपयोग नाही.

काठावरचा
@पहाटवारा, दोन्ही वेळा पहाटे साडेपाचलाच गेलो होतो.
@गळकरी, पाणी साचलेलं, दलदल म्हटल्यावर आणखी काय असणार. वर सगळं हिरवं आहे. खोली माहीत नाही. बुडबुडे मात्र सारखे येत होते, म्हणून मासा असणार असं वाटलं आणि तिथेच बसलो.

गळकरी
"हिरवं" म्हणजे नक्की काय? सगळा फरक तिथेच पडतो. पाण्यावर तरंगणारी जलपर्णी गच्च पसरली असेल तर खाली ऊन पोचत नाही, खाली काही उगवत नाही, आणि कुजलेलं सगळं तळाशी साचत जातं. तसल्या सतरंजीखाली ऑक्सिजन फार कमी असतो. याउलट पाण्याच्या आत वाढणारी वनस्पती असेल तर ती दिवसभर पाण्यात ऑक्सिजन सोडते.

आणि पहाटेबद्दल. रात्रभर वनस्पती, शेवाळ आणि तळाचा गाळ मिळून ऑक्सिजन खात असतात, तयार करणारं कोणी नसतं. त्यामुळे साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या सुमारास. त्यात पाणी जितकं गरम तितका तो कमीच मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. ही झाली वरची मर्यादा. दलदलीत पहाटे त्याच्या कितीतरी खाली गेलेलं असतं. तुम्ही नेमके माशांच्या सगळ्यांत वाईट वेळेला गेलात. दुपार कलल्यावर जाऊन बघा.

पहाटवारा
पुस्तकातलं गणित आणि काठावरचा अनुभव यात फरक असतो. माझे मोठे मासे सगळे पहाटेचे आहेत.

गळकरी
मोठ्या तलावावर ना? तिथे वारा लागतो, लाटा असतात, पाणी खोल असतं. तिथे मीही पहाटेच जातो. हा प्रश्न दलदलीचा आहे.

पहाटवारा
तलाव काय, दलदल काय, मासा तोच.

मातीचा_माणूस
मासा तोच नाही. दलदलीत टिकतात ते मुख्यतः हवा घेणारे. मरळ, मांगूर, शिंगी यांना कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेण्याची सोय असते. ते दर थोड्या वेळाने वर येऊन हवा घेतात, आणि तुम्ही स्थिर बसलात तर ते दिसतं. एक हलका "गुळुप्" आवाज, एकच वलय, बस्स. रोहू-कटला शोधत असाल तर अशा पाण्यात शोधूच नका.

आता जागेबद्दल लिहितो, कारण आयुष्यभर रस्त्याच्या कामावरच होतो. रस्त्यालगतची पुष्कळशी दलदल नैसर्गिक नसते. भराव घालायला शेजारचीच माती उचललेली असते, त्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि काही वर्षांत गवत माजून ते दलदलीसारखं दिसू लागतं. असे खड्डे मशिनने काढलेले असल्यामुळे काठ सरळ तुटलेला असतो. दोन पावलं घोट्याएवढं पाणी आणि तिसऱ्या पावलाला छातीएवढं. रस्त्याखाली कुठेतरी मोरी असतेच, नाहीतर भराव टिकत नाही. ती मोरी शोधा. पावसात पाइपच्या तोंडाशी पाणी जोरात पडून तळ खरवडला जातो, गाळ वाहून जातो, तिथे डोह तयार होतो. पाणी उतरतं तेव्हा आसपासचा मासा त्यात येऊन थांबतो. रस्त्याची दुसरी बाजू बघितली का कधी?

खोली झाडांवरून कळते. पाणकणीस साधारण मीटरभर पाण्यापर्यंतच उभं राहतं. कमळाची पानं दीड-दोन मीटरपर्यंत जातात. पाणकणसाची रांग जिथे एकदम तुटते आणि मोकळं काळं पाणी दिसतं तिथे तळ खाली गेलाय असं समजा.

काठावरचा
दुसरी बाजू बघितली नाही. गाडी या बाजूला लावता येते म्हणून इथेच बसलो. हिरवं म्हणजे जलपर्णीच असावी, जांभळी फुलं येतात ती.

गळकरी
हीच माहिती पहिल्या दिवशी हवी होती.

निळीशाई
जाण्याआधी घरी बसून अर्धं काम होतं. गूगल अर्थमध्ये जुन्या प्रतिमा बघायची सोय २००९ पासून आहे. कडक उन्हाळ्यातल्या तीन-चार वर्षांच्या प्रतिमा काढा. दरवर्षी तिथे कोरडी जमीन दिसली तर मोठ्या माशाची आशा सोडा, नाहीतर ओल्या चिखलात तग धरणाऱ्या जातींवर भिस्त ठेवा. एखादा तुकडा कधीच आटत नसेल तर गळ तिथेच टाकायचा. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि फुकट मिळतात, पण एवढ्या लहान जागेला त्यांचा उपयोग नाही, ठिपकासुद्धा दिसणार नाही.

चिखलवाट
मंडळी, काठावरून काही कळत नसतं. छातीपर्यंतचे रबरी बूट घाला आणि आत चाला. मी प्रत्येक नवी जागा पायांनी मोजतो. तळ कुठे कडक, कुठे मऊ, हे पायालाच कळतं.

मातीचा_माणूस
कृपा करून हे करू नका. वर लिहिलंय ना, तिसऱ्या पावलाला छातीएवढं. त्यात तसले बूट पाण्याने भरले की काठ चढता येत नाही. गाळात पाय रुतला तर ओढून काढायच्या धडपडीत दुसराही रुततो. रुतलातच तर मागे रेलून वजन पसरवा आणि पाय हळूहळू सोडवा. पण मुळात आत जाऊच नका. पाणी वाहत असेल तेव्हा मोरीच्या वरच्या तोंडाजवळही उभं राहू नका, ती माणसाला आत ओढते.

चिखलवाट
मी कधी बुडालो नाही. हातात काठी ठेवून पुढे टोचत गेलं तर काही होत नाही.

मातीचा_माणूस
कामावर असताना एका सहकाऱ्याला चौघांनी दोरीने बाहेर काढलेलं पाहिलंय. त्याच्याही हातात काठी होती.

सावलीतली
दोन गोष्टी कोणीच बोललं नाही. एक, ती जागा कोणाची आहे? पाणी रस्त्याला लागून आहे म्हणून ते सार्वजनिक असतंच असं नाही. आधी विचारा. दुसरी, रस्त्याकडेने विजेच्या तारा असतात. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. गळ मागे नेऊन फेकायच्या आधी वर बघा. आणि पायाला जखम असेल तर पाण्यात हात-पाय घालू नका, उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक प्रकारचा ताप) होतो.

वासरंग
दलदलीतल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून लोक तो टाकून देतात, पण तो वास चिखलाचा नसतोच. निळं-हिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या चरबीत साठतं. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो त्यातही तेच असतं. मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवला तर निघून जातं. आंबट लावलं तरी बरंच कमी होतं.

काठावरचा
@वासरंग, आधी मासा मिळू दे. मी खाण्याबद्दल विचारलेलंच नाही.

निळीशाई
पण निघालंच आहे तर, रस्त्याकडेच्या पाण्यातला मासा खाऊच नये. टायरची झीज, ब्रेकची धूळ, तेल, सगळं पावसाबरोबर तिथे उतरतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसानंतर ओढ्यांत कोहो सामन मासे मरून पडायचे. त्यामागे टायरमधल्या रसायनापासून बनणारं एक द्रव्य आहे हे २०२० साली कळलं. दलदलीच्या ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू पाऱ्याचं विषारी रूप तयार करतात ते वेगळंच. शिकारी मासा जितका मोठा आणि जुना, तितका पारा जास्त.

पानकोंबडी
त्या बुडबुड्यांचं उत्तर राहिलं. एकाच जागी, तळातून, सावकाश येत राहणारे बुडबुडे माशाचे नसतात. कुजलेल्या पाल्यातून मिथेन सुटतो. व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून हाच वायू गोळा केला होता. मासा गाळ उकरत असेल तर बुडबुड्यांची रेघ सरकत जाते आणि पाणी गढुळतं.

रात्रदिवा
दलदलीत रात्री दिसणारे दिवे म्हणजे हाच वायू का? आमचे आजोबा सांगायचे.

पानकोंबडी
त्यावर वेगळा धागा काढा, मलाही वाचायला आवडेल. इथे आणखी दोन खुणा सांगते. पांढऱ्या मगात काठाचं पाणी घ्या. डासांच्या अळ्या वळवळत असतील तर तिथे छोटे मासे नाहीत किंवा अगदी कमी आहेत. आणि पक्षी बघा. ढोकरी बेडकांसाठीही बसते, तिच्यावर जाऊ नका. पाणकावळा बुडी मारत असेल तर तिथे मासाही आहे आणि खोलीही.

गळकरी
अळ्या नाहीत म्हणून मासे आहेतच असं मात्र धरू नका. पाणी हलतं असलं तरी अळ्या टिकत नाहीत. आणि एक विनंती. लालसर पिल्लांचा पुंजका वर फिरताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळीचं जोडपं राखणीला असतं. राखणीवरचा मासा कशावरही झडप घालतो, म्हणून तो गळाला सहज लागतो. तो उचलला की पिल्लं तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात जातात.

काठावरचा
रविवारी जाऊन आलो. शेजारच्या शेताच्या मालकांची परवानगी घेतली, जागा त्यांचीच निघाली. दुपारी चारला पोचलो आणि पहिला तासभर रॉड गाडीतच ठेवला.

आधी जुनी जागा. दोरीला शिसं बांधून सोडलं. गुडघाभर पाणी आणि त्याखाली हातभर गाळ. शिसं वर आलं ते काळंकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास. म्हणजे दोन्ही वेळा माझं गांडूळ त्या काळ्या लोण्यात पुरलेलं होतं. मगात पाणी घेतलं तर अळ्याच अळ्या.

मग रस्ता ओलांडला. पाणकणसाच्या मागे सिमेंटचा पाइप, निम्मा पाण्यात. त्याच्या तोंडाशी दोन खाटा मावतील एवढं मोकळं पाणी, जलपर्णीचं एक पान नाही. शिसं सोडलं तर पुरुषभर दोरी गेली आणि तळाला "टक्" लागलं. मगात एकही अळी नाही. वीस मिनिटं उकिडवा बसलो. पाय बधिर झाले तेव्हा पाइपच्या सावलीत गुळुप् झालं. थोड्या वेळाने पुन्हा, त्याच जागी.

मग दिसलं. परातीएवढा लालसर पुंजका, शेकडो पिल्लं, आधण आल्यासारखी खाली-वर होणारी. पुंजका काठाजवळ आला तसं त्याच्याखाली काहीतरी लांब, काळपट, माझ्या मनगटाहून जाड हळूच वळलं आणि थांबलं. ते माझ्याकडेच बघतंय असं वाटलं. रॉड गाडीतून काढलाच नाही. अंधार पडेपर्यंत बसून होतो.

@मातीचा_माणूस, @गळकरी, @पानकोंबडी, मनापासून आभार. आता एकच विचारायचंय, किती दिवस थांबू?

गळकरी
दिवस मोजू नका, पिल्लं बघा. लाल रंग जाऊन ती काळपट होतात, मग पुंजका फुटतो आणि ती गवतात पांगतात. तोवर आठवड्यातून एकदा नुसती चक्कर मारा. त्यानंतरही जोडप्यातलं कोणी लागलं तर सोडून द्या, एवढ्या लहान डोहात मोठे मासे दोन-चारच असतील.

पहाटवारा
वाचून बरं वाटलं. पण एकदा पहाटे त्या पाइपपाशीही बसून बघा. तिथे पाणी खोल आहे.

गळकरी
हे मात्र मान्य. खोल जागी पहाटही चालू शकेल.

चिखलवाट
रॉड किती फुटी आहे तुमचा? पाणकणसावरून दोरी न्यायची तर सात फुटांच्या खालचा चालणार नाही.