शब्दचर्चा : मिलि, किलो आणि पाकिटावरचं 'एमसीजी'

सांजवात :
परवा आईचा फोन. थायरॉइडच्या गोळ्या संपल्या म्हणून शेजारच्या मुलाला दुकानात पाठवलं होतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं ०.०५ मिग्रॅ., आणि पाकीट आलं '५० एमसीजी'चं (म्हणजे मायक्रोग्रॅम). "अगं, कुठे शून्य पूर्णांक शून्य पाच आणि कुठे पन्नास! हजारपट डोस दिलाय मेल्यानं." दोन्ही एकच आहेत हे पटवण्यात अर्धा तास गेला, आणि तरी गोळी तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारूनच घेतली. (बरंच केलं म्हणा.)

त्याच संध्याकाळी चिरंजीवांचा गृहपाठ. ५ किलोग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम? त्याने पाचाला आधी हजाराने भागलं, मग परत हजाराने भागलं आणि टिंबापुढच्या शून्यांची माळ घेऊन आला. "मिलि लहान असतं ना, मग उत्तर लहानच येणार!"

तर प्रश्न असे. मिलि आणि किलो यांतला घोळ मुळात शब्दांमुळे होतो का? आणि मायक्रोला मराठीत काही आहे का?

काटेकोर :
सांजवात, घोळ शब्दांतच आहे. किलो म्हणजे हजार आणि मिलि म्हणजेही हजारच! किलो ग्रीकमधून आला, मिलि लॅटिनमधून. १७९५ साली फ्रान्सने ही मापं कायद्याने ठरवली तेव्हा वाटणी अशी केली की मोठं करायचं असेल तर ग्रीक उपसर्ग (डेका, हेक्टो, किलो) आणि तुकडे करायचे असतील तर लॅटिन (डेसि, सेंटि, मिलि). ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला हे छान. आपल्या पोरांनी किलो-हेक्टो-डेका-ग्रॅम-डेसि-सेंटि-मिलि अशी शिडी नुसती घोकायची.

मराठीत ही अडचण नाही. 'हजारपट' आणि 'हजारांश' म्हटलं की आकडाही कळतो आणि वर जायचं की खाली तेही कळतं. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा सहस्रांश, मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश. पण दुकानात जाऊन 'पन्नास दशलक्षांश ग्रॅमची गोळी द्या' म्हणून बघा! शब्द चांगला आहे, वापरायला मात्र मायक्रोच. तो ग्रीकमधला 'लहान' या अर्थाचा शब्द, त्यात आकडा मुळातच नाही.

'एमसीजी' लिहिण्यालाही कारण आहे. मायक्रोचं खरं चिन्ह म्हणजे ग्रीक म्यू. घाईच्या अक्षरात तो एमसारखा दिसतो, मायक्रोचं मिलि होतं आणि डोस खरोखरच हजारपट वाढतो. ०.०५ मधलं टिंबही तितकंच बेभरवशाचं, शाई पुसट झाली की गेलं. म्हणून पाकिटावरचं पूर्णांकी ५० जास्त सुरक्षित. आईंची भीती योग्य होती, आकडा बघताना एकक बघायचं राहिलं इतकंच.

चिरंजीवांना सांगा : माप लहान घेतलं की मापं जास्त लागतात. घागर तांब्याने भरा आणि चमच्याने भरा. ५ किलो म्हणजे ५,००० ग्रॅम, म्हणजे ५०,००,००० मिलिग्रॅम. पन्नास लाख.

थर्मास :
गंमत बघा, मेट्रिक उपसर्ग किलोच्या पुढे हजाराहजाराने उड्या मारतात आणि आपली मोजणी हजारानंतर शंभराशंभराने. त्यामुळे एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम, एका टनात दहा लाख ग्रॅम, प्रत्येक ठिकाणी ते 'दहा' लोंबकळत राहतं. आपल्या गणतीत चपखल बसतो तो क्विंटल. १०० किलो, म्हणजे बरोब्बर एक लाख ग्रॅम.

आणि क्विंटलमधला 'क्विंट' पाचाचा नव्हे. लॅटिनमधला शंभराचा शब्द ग्रीकमधून अरबीत 'किंतार' होऊन परत युरोपात आला, त्याचा हा अवतार.

कपाशी :
आमच्याकडे या, एका पिकात तीन मापं दाखवतो. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. जिनिंगमधून सरकी (कापसाचं बी) वेगळी झाली की रुईच्या गाठी, एक गाठ १७० किलोची. आणि व्यापारी रुईचा भाव बोलतो खंडीला. ही खंडी ३५५.६ किलोची, इंग्रजी अमदानीतल्या ७८४ पौंडांची. वजनं १९५८ पासून मेट्रिक होत गेली, खंडी काही हलली नाही. त्यामुळे खंडीच्या भावाला थेट ३.५५६ ने भागून 'आपल्याला क्विंटलला इतके मिळायला हवे होते' म्हणणारा फसतो. तो भाव रुईचा, आपण विकला तो सरकीसकट कापूस.

उसातही तेच. एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) जाहीर होते क्विंटलला (२०२४-२५ ची ३४० रुपये) आणि गावात बोलणं सगळं टनाचं, म्हणजे ३,४००. इथे निदान शून्यच वाढवायचं आहे.

काटेकोर :
शिडीतला डेकाग्रॅम (१० ग्रॅम) शाळा सोडल्यावर कोणी ऐकलाय? ऑस्ट्रियात दुकानात 'दहा डेका' म्हणून मागतात, इटलीत हेक्टोग्रॅमचा 'एत्तो' चालतो. आपल्याकडे कोणी विचारत नाही असं वाटतं, पण सराफाकडे रोज विचारतात. आजचा तोळा म्हणजे डेकाग्रॅमच! खरा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, १२ मासे किंवा ९६ गुंजांचा. सराफाने तो १० ग्रॅमवर आणला आणि नाव तेच ठेवलं. जुना मासा मात्र ग्रॅमच्या अगदी जवळचा, ०.९७ ग्रॅम. गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. तेव्हा 'तोळामासा प्रकृती'चं 'डेकाग्रॅम-ग्रॅम प्रकृती' असं शुद्ध मेट्रिक रूपांतर करायला हरकत नाही.

थर्मास :
:D

'पाव'चंही लिहा कोणीतरी. पावशेर गेला, पाव किलो राहिला. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा पाव २३३. जुनी रीत निम्म्यानिम्म्याची : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. नवी रीत १-२-५ ची. वाण्याकडची लोखंडी वजनं आठवा : ५०, १००, २००, ५०० ग्रॅम. अडीचशेचं वजनच नसतं. पाव किलो शेंगदाणे मागितले की तो २०० वर ५० चं ठेवायचा. तोंडात निम्म्याचा हिशोब, तराजूत दहाचा. आता काट्यावर थेट ०.२५० उमटतं, ही मजा गेली.

एक वाचक :
ग्रॅम की ग्राम? शाळेच्या पुस्तकात ग्रॅम, पिशवीवर 'कि.ग्रा.'.

काटेकोर :
मराठीत ग्रॅम. विश्वकोशातही किग्रॅ. असंच. 'ग्राम' हिंदीतून पिशवीवर आला. आपल्याकडे ग्राम म्हणजे गाव, पाच ग्राम साखर म्हणजे पाच गावांना पुरेल.

सांजवात :
सगळ्यांचे आभार. घागर-तांब्या-चमचा चिरंजीवांना पटलं. मायक्रोग्रॅमसाठी त्याला थेंब हवाय, तो मी मान्य केला.

तोळ्याचा परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवला. तिच्या लग्नातल्या पाटल्या चार तोळ्यांच्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ती दुसऱ्याच दिवशी सराफाकडे जाऊन वजन करून आली. ४६ ग्रॅम ४०० मिलिग्रॅम. सराफ म्हणाला, "काकू, साडेचार तोळ्यांच्या वर आहेत." जुन्या हिशोबाने चार तोळे म्हणजे ४६.६६ ग्रॅम, तेव्हा पन्नास वर्षांत झीज पाव ग्रॅमची. आई मात्र वडिलांच्या फोटोला सांगत होती, "बघा, तुम्ही चारच तोळे सांगितले होते."