फक्त बातम्यांचं रेडिओ स्टेशन मोठ्या शहरात आज चालेल का?

लांबपल्ला:
गाणी नाहीत, श्रोत्यांशी गप्पा नाहीत, चोवीस तास निव्वळ बातम्या. असं स्टेशन एखाद्या मोठ्या शहरात आज नव्यानं काढलं तर टिकेल का? माझं मत टिकेल. न्यूयॉर्कच्या १०१० विन्स या रेडिओ स्टेशननं १९६५ साली गाणी बंद केली आणि बातम्या सुरू केल्या, ते अजून चालू आहे. 'तुम्ही बावीस मिनिटं द्या, आम्ही जग देतो' हे त्यांचं घोषवाक्य, आणि सगळं गणित त्यातच आलं. दिवसभर बातम्या कोणीच ऐकत नाही, माणूस गाडीत बसतो, वीसेक मिनिटं ऐकतो, उतरतो. म्हणून हेडलाइन्स, ट्रॅफिक, हवामान, शहरातल्या घडामोडी आणि परत हेडलाइन्स असं चाक फिरत ठेवायचं.

पाचवा मजला:
साफ असहमत. न्यूयॉर्कचं सांगताय तर पूर्ण सांगा. तिथलंच डब्ल्यूसीबीएस ८८०, १९६७ पासून बातम्या देत होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं आणि त्या फ्रिक्वेन्सीवर आता खेळांचं स्टेशन आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागोत एफएमवर नवीन न्यूज स्टेशनं आली होती, दोन्ही वर्षभरात गुंडाळली. गाण्यांच्या स्टेशनला रात्री एक माणूस पुरतो, कधी तोही नसतो, कॉम्प्युटर गाणी लावतो. इथे निवेदक, एडिटर, रिपोर्टर, सगळे तीन पाळ्यांत लागणार. आणि ट्रॅफिक तर लोक मोबाइलच्या नकाशात बघतात, त्यासाठी रेडिओ कोण लावेल?

रात्रपाळी:
मी काही वर्षं रेडिओच्या न्यूजरूममध्ये रात्रपाळी केलीये म्हणून सांगतो. रात्री दोनला पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. पहिल्या फेरीत तेवढंच. वीस मिनिटांनी अमुक रस्ता बंद, बस दुसरीकडून वळवल्यात. त्यानंतर दुरुस्ती सुरू आहे, सकाळी पाणी कमी दाबानं येईल. हे सगळं कळतं कारण कोणीतरी कंट्रोल रूमला परत परत फोन लावत असतो. तो माणूस काढला की बातमीचा तोच मजकूर शब्द फिरवून वाचायची वेळ येते, आणि ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या फेरीतच कळतं. नकाशात रस्ता लाल दिसतो, का लाल आहे ते दिसत नाही. अमेरिकेत एनबीसी या प्रसारण कंपनीनं १९७५ मध्ये देशभरच्या स्टेशनांना तयार बातम्या पुरवायची सेवा काढली होती, दोन वर्षांत बंद पडली. शहराचं स्टेशन शहरातच उभं राहतं.

पाचवा मजला:
म्हणजे खर्च कमी करता येत नाही हे तुम्हीच म्हणताय. मग पैसे कोण देणार?

लांबपल्ला:
जाहिरातदार देतात की. वॉशिंग्टनचं डब्ल्यूटीओपी २००६ मध्ये एफएमवर गेलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या स्टेशनांत पहिलं होतं, बातम्याच देऊन. दुसरा रस्ता फ्रान्सच्या सरकारी न्यूज स्टेशनचा, फ्रान्स इन्फोचा, १९८७ पासून सार्वजनिक पैशावर चालतंय. एएमवर, म्हणजे जुन्या मीडियम वेव्हवर, नवीन काही काढू नये हे मात्र मला मान्य, इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमुळे एएमला खरखर येते आणि काही कंपन्यांनी गाडीतून एएम काढूनच टाकलं.

खिडकीजवळ:
मी फक्त ऐकणारी. एकदा वादळात आमच्याकडे रात्रभर लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नाही, सासूबाईंचं ऑक्सिजन मशीन बॅटरीवर आणि बॅटरी किती तास पुरेल माहीत नाही. सेलवरचा रेडिओ लावला तर आमच्या भागातल्या स्टेशनवर एकामागून एक गाणी, आधीच भरून ठेवलेली. पूर्ण शहर अंधारात आणि स्टेशनमध्ये माणूसच नाही. लाइट कधी येणार एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर हॉस्पिटलला न्यायचं की थांबायचं ते ठरवता आलं असतं. शेवटी पहाटे शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं.

पाचवा मजला:
ताई, हे वाचून वाईट वाटलं, आणि अशा रात्री स्टेशन हवंच याबद्दल माझा वाद नाही. पण अशी रात्र क्वचित येते आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात.

रात्रपाळी:
माझ्या हातात असतं तर निवेदक कमी ठेवले असते, रिपोर्टर जास्त. रात्री एक ते चार रेकॉर्ड केलेलं चाक फिरवा, हरकत नाही, पण माइक उघडू शकेल असा एक माणूस फोनजवळ बसलेला हवा.

पाचवा मजला:
आणि कमाई घसरली की पहिल्यांदा तोच माणूस काढतात. माझं म्हणणं एवढंच होतं.