उत्तरेकडचा पॅसेज : सावलीतल्या कुंड्या

*ए-२०३ :* उत्तरेच्या पॅसेजमध्ये १२ कुंड्या रिकाम्या पडल्यात. स्वयंपाकाला लागणारी रोपं लावूया की. ऊन सकाळी जेमतेम तासभर, रोज बघणारं कुणी नाही. काय टिकेल?

*बी-१०४ काकू :* पुदिना, पानओवा, नागवेल. नागवेलीला कडक ऊन सोसतच नाही, तिला भिंतीकडंच ठेवा. तुळस, कढीपत्ता, गवती चहा तिथं नको, गच्चीवर न्या. सावलीत तुळस लांबट, विरळ होते आणि वासही कमी येतो.

*ए-२०३ :* आणि कोथिंबीर, काकू?

*बी-१०४ काकू :* फक्त कडेच्या कुंडीत, जिथं ते तासभर ऊन पडतं. धणे लाटण्यानं रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. ८-१० दिवसांत वर येते. आत पेरलीत तर दोऱ्यासारखी वाढून आडवी पडणार.

*सी-३०१ दादा :* आधी उजेड बघा. दुपारी १२ वाजता कुंडीवर पांढरा कागद ठेवून फूटभर वर हात धरा. पुसट का होईना, सावली दिसली तर पुदिना येतो. काहीच दिसलं नाही तर तिथं कुंडी ठेवूच नका.

माती सांगतो. शेतातली काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरून ठेवते, सावलीत ते वाळत नाही आणि मुळं कुजतात. २ पाट्या तांबडी माती, १ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ गांडूळखत, अर्धी पाटी जाड वाळू. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा.

*ए-२०३ :* दादा, पुदिन्याची रोपं नर्सरीतून आणू का?

*बी-१०४ काकू :* कशाला? कपिलतीर्थ मार्केटमधली ताजी जुडी पुरते. जाड दांडे निवडा, बोटभर लांब कापा, खालची पानं खुडून पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. कुंडी पसरट हवी, ८ इंच खोल. त्यात दुसरं काही लावू नका, पुदिन्याची मुळं सगळी कुंडी व्यापतात. कापताना खाली दोन पेरं ठेवा. पानामागं नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. मातीलगत कापून कचऱ्यात टाका, सोसायटीच्या खतखड्यात अजिबात नको.

*सी-३०१ दादा :* वॉचमन काकांना "रोज पाणी घाला" म्हणू नका. अशा जागी रोपं मरतात ती जास्त पाण्यानंच. बोट दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर पाणी नाही. पानओव्याला तर माती पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर बुडखा काळा पडून मऊ होतो. कुंडीवर चिलटं घोंगावायला लागली की पाणी जास्त झालं समजा.

*बी-१०४ काकू :* उन्हाळ्यात उसाचं पाचट कातरून इंचभर पसरा, ओल टिकते. जूनला मात्र काढायचं, पावसात त्याखाली गोगलगायी लपतात. कुंड्यांखालच्या पाण्याच्या बश्याही तेव्हाच काढा.

*ए-२०३ :* रविवारी सकाळी माती कालवूया. पाट्या आणि खोरं माझ्याकडं आहे, वाळू कुणी आणेल का?